मोरीत न ओतलेलं निळं पाणी

पहिला थेंब चहात पडला, दुसरा इल्होमच्या पांढऱ्या सदऱ्यावर. निळाशार! खालच्या कार्यशाळेतलं लेथ बंद करून तो तणतणत वरच्या रसायनशाळेत गेला.

"बाई, तुमचं बेसिन माझ्या डोक्यावर गळतंय!"

नवी बाई, ओयदीन, बेसिनखाली वाकून पाइपाला चिंधी गुंडाळत होती. तिने मान वर केली. "मोरचूद आहे. चहा प्यायला नाहीत ना?"

"प्यायलो असतो तर?"

"तर... उलट्या. आणि दोन दिवस सुटी."

तो हसला. रागवायचं राहूनच गेलं.

फर्गानाच्या त्या तांत्रिक शाळेत वर्षानुवर्षं हेच चाललेलं. भिंतीवर 'निसर्ग जपा'ची पाटी, पाटीखाली बेसिन, आणि बेसिनातलं विष थेट पाटात. त्याच पाटावर मुलांच्या घरची टरबुजं पिकायची. लाज कुणालाच नव्हती.

"मला नाही जमायचं असलं शिकवणं," ओयदीन म्हणाली. "लोखंडाचा कीस मिळेल? निळ्या पाण्यात टाकला की तांबं तळाशी बसतं, पाण्यातलं विष उतरतं."

"पोत्यांनी पडलाय!"

मग रोज मधल्या सुटीत तो डबाभर कीस घेऊन वर यायचा, आणि घंटा होईपर्यंत रेंगाळायचा. मुली खुसखुसत विचारायच्या,

"उस्ताद, इतका कीस येतो कुठून?"

"हल्ली लेथ जरा जोरात चालवतो..."

ओयदीनचे कान लाल व्हायचे.

खुल्या तासाला तपासणीची मंडळी मागच्या बाकांवर येऊन बसली. ओयदीन अजून हंगामी होती. आज साहेब खूश झाले की नोकरी पक्की. प्रयोग छान झाला. मुख्याध्यापक तिच्या कानाशी पुटपुटले, "ओता आता मोरीत. कीस-बीस राहू द्या, साहेबांचा पुलाव निवतोय."

हातात निळं पाणी. समोर मुलं.

"नाही ओतणार," ती मोठ्याने म्हणाली. "हे पाटात जातं, साहेब. आज ओतलं तर मुलं तेवढंच शिकतील."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. संध्याकाळी निरोप आला – पुढच्या सत्रापासून येऊ नका.

बसथांब्यावर इल्होम उभा होता.

"समजूत घालायला आलात?"

"नाही. मुलांनी सगळं निळं पाणी माझ्याकडे आणून ठेवलंय. एक थेंब ओतला नाही कुणी."

मग तो चाचरत म्हणाला, "रविवारी... आई तुमच्याकडे नान घेऊन येईल. मागणी घालायला. तुमच्या घरच्यांनी नान मोडला तर ठरलं."

"बिननोकरीच्या बाईला?"

"नोकरीला कुठे मागणी घालतोय मी!"

बस आली, गेली. ओयदीन चढलीच नाही.

"रविवार फार लांब आहे हो," ती म्हणाली. "आईंना... गुरुवारीच पाठवा."