बाकावरचा आळशी

दार लावून घ्या पोरांनो, आणि मध्ये बोलू नका. हे मला योरिसनं स्वतः सांगितलंय. तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापायचा; पत्र्यावर खोटं कोरायचा, पण तोंडानं खोटं बोलायचा नाही.

हॉलंडात हार्लेमला त्याचं नि माझं दुकान भिंतीला भिंत लागून. एका दुपारी तो शाई आणायला निघाला, तर चर्चपुढच्या बाकावर आमच्या गल्लीतला खेर्ट घोरत पडलेला. भर दुपारी! योरिसनं तिथंच त्याचं चित्र काढलं, मग पत्र्यावर कोरलं आणि खाली लिहिलं, 'देवानं दिले हात, आळशानं दिली जांभई.' चित्र हातोहात खपलं. खेर्टचं तुटकं नाक कोण ओळखणार नाही? आठवड्याच्या आत शहराच्या पंचांनी त्याला उचललं आणि आळशांच्या कामगृहात टाकलं, लाकूड किसायला.

त्याची बायको ट्राइन योरिसकडे आली. "दादा, रात्रभर बेकरीत कणीक मळतात हो ते. दिवसा नाही झोपायचं, तर कधी? एवढंच पंचांना सांगा."

"बघतो," योरिस म्हणाला. म्हणजे नाहीच. चित्र खोटं ठरलं, तर विकत कोण घेणार? मला त्याचा अजून राग येतो. महिन्याभरात खेर्ट तिथंच मेला.

सोळाशे चौदा साल. संत मार्टिनच्या सणाची आदली रात्र. सकाळच्या जत्रेला त्याच चित्राच्या शंभर प्रती हव्या होत्या. शाई नीट उठावी म्हणून योरिसनं कागद भिजवून ठेवले, पहाटे उठून छापू म्हणाला आणि माडीवर जाऊन झोपला.

बाराच्या ठोक्याला जाग आली.

खाली छापायच्या यंत्राचं चाक फिरत होतं.

कर्र... थांबलं. कर्र...

"कोण आहे?"

योरिस जिन्याच्या तोंडाशी आला. चाक फिरतच राहिलं. एका लयीत. सराईत हातानं. जिन्यावर आंबलेल्या कणकेचा वास...

"खेर्ट...?"

कर्र...

 योरिस जिन्यातच बसून राहिला. चारला चाक थांबलं. बेकरीतली पाळी चारलाच सुटते.

उजाडल्यावर तो खाली उतरला. शंभरच्या शंभर प्रती दोरीवर वाळत होत्या. एकीवरही डाग नाही. चर्च होतं, झाड होतं, खालची ओळ होती.

बाक रिकामा होता.

पत्र्यावर मात्र खेर्ट झोपलेलाच होता. मी स्वतः बोट फिरवून पाहिलंय.