निंगव्वाच्या हातावरचं पाणी

बारशाच्या दिवशी दुपारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निंगव्वा सुईणीच्या ओटीसाठी खण-नारळ आणायला बाजारात गेल्या. घरात मी आणि पोर. गिरणीमागच्या आमच्या चाळीत त्या वेळी चिटपाखरू नसायचं; पुरुष पाळीवर, बायका कांड्या भरायला. बाजेखाली शेगडीत ओवा धुमसत होता.

माझी आधीची दोन्ही मुलं न रडताच गेली. ही तिसरीही निळी पडूनच आली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला, पण निंगव्वा जागची हलली नाही. नाळ न कापता तिनं नाळेसोबत पडलेली वार निखाऱ्यावर शेकली, पोरीची पाठ चोळत राहिली, आणि बऱ्याच वेळानं पोर रडली. मी रडले नाही. माझं रडू आधीच्या दोन खेपांतच सरलं होतं.

"भिऊ नगं यव्वा," निंगव्वा म्हणाली. "माजा हात हिच्यावर हाय तवर हिला काय होत न्हाय."

मग रोज सकाळी येऊन ती आम्हा दोघींना तेल चोळायची. अक्कलकोटकडची बाई, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि शिव्या दोन्हींतल्या. आईनंतर माझ्या अंगाला मायेनं हात लावणारी तेवढी एकच.

आमच्यात सुईणीचे हात धुवायचा रिवाज आहे. पोर आधी तिच्या हातात येतं, म्हणून बारशापर्यंत ते निम्मं तिचं. बाळंतिणीनं उंबऱ्यात तिच्या हातावर हळदीचं पाणी घालायचं, ओटी भरायची, मग तिचा हक्क सुटतो.

त्या दिवशी ती सकाळी आलीच नव्हती. दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा दार करकरलं. पावलं ओळखीची, एरंडेलाचा वासही ओळखीचा.

"आज उशीर लावलास गं?"

पाठीवर हात फिरू लागले.

"हात किती गार तुजे..."

किरकिरणारी पोर एकाएकी गप्प झाली. मला झोप लागली.

जाग आली तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. खण-नारळ हातात तसाच.

"रंभा... निंगव्वा गेली. पटकीनं. सकाळीच माती दिली."

"आत्ताच तेल लावून गेली की."

त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि तेलकट झालेल्या बोटाकडे बघत राहिल्या. मी घाबरायला हवं होतं. पण आत सगळं बधिर होतं.

आत्याबाईंनी तांब्यात हळद कालवली आणि तो माझ्या हातात दिला. "हक्क सुटल्याबगर ती जायची न्हाय. पानी घाल, न्हायतर पोर घिऊन जाईल."

दिवस मावळता गिरणीचा भोंगा झाला. मी पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसले होते. बाहेरच्या अंधारातून दोन हात पुढे आले. तेलकट, ओंजळ केलेले. हातांमागे कुणी दिसत नव्हतं.

"घाल..." आत्याबाई मागून पुटपुटल्या. "घाल की गं..."

मी तांब्या कलता केला. पहिली धार त्या हातांवर पडली आणि मांडीवरची पोर निळी पडू लागली. श्वास थांबला. मी तांब्या सरळ केला. पोर रडली.

तेव्हा मात्र मी घाबरले.

"ऱ्हाऊ दे निंगव्वा," मी म्हणाले. "उद्या ये."

हात मागे गेले.

ती पोर, मायाक्का, आता लग्नाला आली आहे. वैरागचं स्थळ चांगलं मिळालं. काल वेणी घालता घालता ती म्हणाली, "आई, केसाला तेल लावताना तू म्हनलीस, मी बी वैरागला येनार. खरंच येनार व्हय?"

तिच्या केसांना मी आजवर कधी तेल लावलेलं नाही. लावायची वेळच आली नाही; ती वेणीला बसायची तेव्हा ते आधीच लागलेलं असायचं.

"व्हय," मी म्हणाले.