अडीच इंच पुरे

मारिसेला दुकानातून बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात हिरव्या मिरचीचा बरिटो होता, दुसऱ्या हातात किल्ली होती, आणि तिच्या तीन आठवड्यांच्या नव्याकोऱ्या पिकअपखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

पुरुषाचे पाय. बूट झिजलेले, एका बुटाची नाडी सुटलेली.

एस्पान्योला गावात दुसऱ्याच्या गाडीखाली माणूस कशाला शिरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. धुराच्या नळीतला महागडा तुकडा कापायचा आणि पसार व्हायचं. गेल्या महिन्यात तिच्या दवाखान्याच्या आवारातल्या दोन गाड्या चोर अशाच मुक्या करून गेले होते... छे, मुक्या कसल्या, उलट बोंबलायला लागल्या होत्या बिचाऱ्या.

तिने बरिटो शांतपणे बॉनेटवर ठेवला आणि त्या पायावर सणसणीत लाथ घातली.

"आई गं!"

"बाहेर ये! हळूहळू. पोलिसांना फोन लावलाय मी."

लावला नव्हता. पण अंगठा तयार होता.

पाठीवर सरपटत एक माणूस बाहेर आला. पस्तिशीचा असेल. दोन्ही हात वर, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळ्यांत... चोराच्या डोळ्यांत असू नये इतकं कुतूहल.

"हात रिकामे आहेत, बघा. तुमच्या गाडीचं पोट सोललंय बाई. इंजिनखालचा पत्रा लोंबतोय. अजून एक दगड लागला असता ना, तर सगळं तेल रस्त्यावर."

"आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेजारी माझी गाडी लावत होतो, तेव्हा पत्रा दिसला. मग... बघितल्याशिवाय राहवेना."

"असे रोज शिरता का लोकांच्या गाड्यांखाली?"

"पत्रा लोंबत असला तरच." तो शर्ट झटकत उठला आणि त्याने खिशातून एक चुरगळलेलं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. रूबेन आर्चुलेटा. सस्पेन्शन, स्प्रिंग, लिफ्ट – गाडी उंच करून मिळेल.

अस्सं! मारिसेलाने मनात म्हटलं. गिऱ्हाईक पकडायची ही नवी तऱ्हा दिसते. कोण जाणे, पत्रा यानेच वाकवला असेल.

तिच्या संशयाला कारण होतं. आधीची गाडी तिच्या ठरलेल्या नवऱ्यानेच आणून दिली होती – "मित्राची आहे, घरातल्यासारखी" म्हणत. गाडीच्या काट्यावर चाळीस हजार मैल होते. प्रत्यक्षात निघाली दीड लाख मैल पळालेली, आणि त्या मित्राकडून आपल्या माणसाने वाटा घेतला होता हेही नंतर कळलं. गाडी गेली, नवराही गेला. उरली ती एक सवय – गॅरेजमधल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची.

तरी दोन दिवसांनी ती त्या पत्त्यावर गेली, कारण पत्रा खरंच लोंबत होता.

गॅरेजच्या दारात एक म्हातारा जुनी जांभळी गाडी पुसत बसला होता. गाडी इतकी खाली की तिच्याखालून मांजरही गेलं नसतं. हे रूबेनचे वडील, एलॉय.

"ये पोरी! लिफ्टसाठी आलीस ना? मी जन्मभर गाड्या जमिनीला टेकवल्या, सगळं गाव टेकवतं. आणि माझ्या पोटी हा जन्मला – गाड्या वर उचलणारा! याच्या आईला विचारलंसुद्धा, हा नक्की माझाच ना म्हणून."

"बाबा!" आतून आवाज आला.

मारिसेलाला हसू आलं. तिने ते दाबलं.

"पुन्हा पोट घासायला नको, गाडी सहा इंच उंच करून हवी आहे," ती रूबेनला म्हणाली. "सांता फे शहरातल्या दुकानात पाच मिनिटांत हो म्हणाले. मोठे टायरही बसवून देतो म्हणाले."

रूबेन गाडीभोवती एक फेरी मारून आला. खाली बसला. पत्र्याला चिकटलेली माती नखाने काढून बोटांत चुरली. मग म्हणाला, "नाही."

"नाही म्हणजे?"

"सहा नाही. अडीच पुरे."

"गाडी माझी आहे ना?"

"गाडी तुमचीच. मान पण तुमचीच आहे, म्हणून म्हणतोय." त्याने बाकावरून एक स्प्रिंग उचलली. "सहा इंच वर नेली की गाडीचा सगळा भार वर जातो. सरळ रस्त्यावर झोकात दिसेल. तिरक्या उतारावर मात्र कलंडायला बघेल. काहीजण स्वस्तात चकती घालून देतात – गाडी दिसते उंच, पण चाकाला खाली-वर व्हायला जागा तेवढीच. खड्ड्यात दात वाजतात. मी नवी स्प्रिंग देईन, धक्के झेलणारे चांगले शॉक, पुढच्या चाकांचे वरचे आर्म, मागच्या स्प्रिंगला एक जास्तीचा पाटा. अडीच इंच. त्यात दगड चुकतील आणि तुम्ही चारही चाकांवर घरी याल... मागे काय असतं गाडीत?"

"औषधांच्या पेट्या. ऑक्सिजनची नळकांडी. मी नर्स आहे, घरोघरी जाते."

"आणि शेजारी कोण बसतं?"

तिच्या भुवया चढल्या. "माझ्या शेजारी कोण बसतं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"वजन! वजन धरायला लागतं हो..." त्याचे कान लालबुंद झाले.

"कुणी बसत नाही," ती म्हणाली, आणि उगाचच म्हणाली असं तिला वाटलं. "विचार करून सांगते."

परत जाताना ती विचारच करत होती. सहा इंच सहज विकता येत असताना अडीच गळ्यात मारणारा माणूस... याला नक्की हवंय काय?

मंगळवारी ती क्लेओफास आजींकडे गेली. आजी चौऱ्याऐंशीच्या, साखरेच्या दुखण्याच्या, कोरड्या ओढ्यापलीकडे एकट्या राहणाऱ्या. तो ओढा ओलांडतानाच मारिसेलाच्या गाडीचं पोट सोललं होतं. ती इन्सुलिनच्या सुया भरत असताना आजी सहज म्हणाल्या, "काल एक जण आला होता. ओढ्यात टेप घेऊन रांगत होता. नर्स कुठल्या दिवशी येते विचारत होता."

सुई हातातच राहिली. "कोण? कसा होता?"

"देखणा होता. जाता जाता माझ्या खुराड्याचं दारही बसवून गेला."

मारिसेला तिथून थेट गॅरेजवर. एलॉय काहीतरी गमतीचं बोलायला गेले, तिचा चेहरा पाहून थांबले.

"माझ्या पेशंटच्या घराभोवती कशाला फिरताय तुम्ही?" ती कडाडली. "एकटी म्हातारी, मोकळी जमीन... आणि मी कुठल्या रस्त्याने जाते हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मातीने," रूबेन म्हणाला. "लाल मातीत पांढरे खडे फक्त त्याच ओढ्यात आहेत. रस्ता बघितल्याशिवाय मी उंची ठरवत नाही."

"का?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"दोन वर्षांपूर्वी एका मेंढपाळाने आठ इंच मागितले. मी बसवून दिले. रस्ता विचारला नाही, पाहिला नाही. डोंगराच्या कडेला गाडी कलंडली. माणूस वाचला, पण कमरेत सळ्या आहेत. मेंढ्या विकल्या त्याने. मला एक शब्द बोलला नाही... बोलला असता तर बरं झालं असतं." त्याने चिंधीला हात पुसले. "तुमचा माझ्यावर भरवसा नाही ना? माझाही नाही. म्हणून टेप घेऊन फिरतो."

मारिसेलाने बाकावरचा टेप उचलून पाहिला, परत ठेवला. "आणि... मी कुठल्या दिवशी येते, ते कशाला विचारलंत?"

"ते – सहज."

सहज! तिने त्या शब्दाची मनात नोंद केली. पण गाडी दिली. अडीच इंचांसाठीच दिली.

मात्र आदल्या संध्याकाळी गाडीखाली शिरून तिने जुन्या शॉकवर, स्प्रिंगवर, सगळीकडे लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. नवे म्हणून जुनेच पुसून बसवले तर कळायला हवं!

गाडी न्यायला गेली तेव्हा रूबेनने एक खोकं समोर सरकवलं. आत तिचे जुने भाग ओळीने मांडलेले, ठिपके वर करून.

"सात सापडले," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आठवा कुठे असेल तर सांगा, शोधतो. रंग छान आहे... शॉकला शोभतो."

तिचा चेहरा ठिपक्यांपेक्षा लाल झाला. "चुकून लागलं असेल."

"सात ठिकाणी?"

"हात हलतो माझा."

"नर्सचा?"

ती दार आपटून निघाली. वाटेत दोनदा आरशात बघितलं, तर ती चक्क हसत होती.

पुढचा मंगळवार. ओढ्याशी पोचली तेव्हा तिथे पावसाचा एक थेंब नव्हता, पण वर डोंगरावर आभाळ काळंनिळं फुटलं होतं. ओल्या धुळीचा वास आला, मग गडगडाट – आणि बघता बघता कोरड्या ओढ्यातून तांबडं पाणी लाकडं, झुडपं घेऊन लोंढ्याने खाली आलं.

आणि पलीकडच्या काठावर रूबेनची गाडी उभी होती.

पुन्हा? आता उंची ठरली, पैसे चुकते झाले, आता याचं इथे काय काम? तेवढ्यात तोच घराकडून धावत आला.

"मारिसेला! आजी... आजी काहीतरीच बोलतायत! घामाने थबथबल्यात, हात थरथरतायत!"

फोनला रेंज नव्हती. ती गाडीत चढली, इंजिन सुरू केलं. उंच झाली होती ना गाडी? यासाठीच तर केली होती!

"नाही!" तो पलीकडून दोन्ही हात पसरून किंचाळला. "ती उंची दगडांसाठी आहे, पाण्यासाठी नाही! वाहून जाल! मला सांगा काय करायचं ते. मी करतो!"

मला सांगा. मी करतो... हेच शब्द तिने आधी एकदा ऐकले होते आणि फसली होती. पाणी घों घों करत होतं. पलीकडे एक म्हातारी होती, आणि तिच्याजवळ जाऊ शकणारा माणूस एकच होता.

तिने इंजिन बंद केलं.

"साखर उतरलीय त्यांची! घोट गिळता येतोय का?"

"येतोय! आत्ता पाणी प्यायल्या!"

"मग अर्धा पेला संत्र्याचा रस दे! फ्रिजच्या दारात आहे! सुई अजिबात द्यायची नाही! बसवून ठेव, पंधरा मिनिटांनी बोट टोचून आकडा बघ! यंत्र खिडकीत आहे – पळ!"

तो पळाला. ती काठावर उभी राहिली. आपण त्याला 'पळ' म्हणालो, 'पळा' नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

पंधरा मिनिटं. तिने घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. तो आला.

"अठ्ठावन्न!"

"पुन्हा रस! पुन्हा पंधरा मिनिटं!"

तो परत धावत गेला. परत आला तेव्हा धापा टाकत होता, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि चेहरा उजळलेला.

"एकशे चार! मला शिव्या देतायत! म्हणतात रस आंबट होता!"

मारिसेला ओल्या वाळूत मटकन बसली. हसायला गेली तर डोळ्यांतून पाणी आलं. "त्यांना आता पाव दे," ती ओरडली, "आणि... ऐक – तू इथे काय करतोयस?"

मध्ये सगळा ओढा खळाळत होता.

"ऐकू आलं नाही!" तो ओरडला.

"खोटं! आलं!"

पाणी उतरायला तीन तास लागले. मग रूबेनने काठी टोचत टोचत अख्खा ओढा पायी ओलांडला, तळ कुठे टणक आहे ते पाहिलं आणि पुढे चालत तिला वाट दाखवली. गाडी दगडांवरून डुलत, पोट न घासता, अलगद पलीकडे चढली.

आजी खाटेवर बसून पाव खात होत्या. मारिसेलाने त्यांचा आकडा स्वतः पुन्हा घेतला, सकाळी सुई टोचून जेवायचं विसरल्याबद्दल दम भरला, मगच अंगणात आली. रूबेन पायरीवर बसला होता.

"आता पाणी नाही मध्ये," ती त्याच्यासमोर उभी राहिली. "बोल. गाडीचं काम संपलं. मग मंगळवारीच इथे का?"

"खुराड्याचं दार..."

"ते बसवून आठवडा उलटला."

त्याने मान खाली घातली. "मंगळवारी तुम्ही येता म्हणून. गॅरेजवर तुम्ही पुन्हा यायचं काही कारणच उरलं नव्हतं... मी काम नीटच केलं होतं ना."

तिने डोळे बारीक केले. शब्द गोड होते. गोड शब्द तिने पुष्कळ ऐकले होते.

"हात दे."

"काय?"

"मनगट. इकडे आण."

तिने दोन बोटं त्याच्या नाडीवर ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिली. अंगणात सगळं शांत होतं. पूर्ण मिनिट गेलं.

"एकशे बारा," ती हळूच म्हणाली.

"पळालो ना मघाशी..."

"तीन तास झाले त्याला, रूबेन."

त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"शनिवारी नाडी पुन्हा तपासावी लागेल," मारिसेला म्हणाली. "एका आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी सात वाजता घ्यायला येते. गाडी मी चालवणार."

"आणि मी?"

"शेजारी बसायचं."

आतून आजींनी रस आणखी आहे का म्हणून हाक मारली. मारिसेलाने "आले, आले" म्हटलं. मनगट मात्र सोडलं नाही.