रजईतला कॉम्प्युटर

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात टेबलाखाली होते. एक बारका स्क्रू हातातून निसटला होता आणि त्याच्या मागे मी गुडघ्यांवर रांगत होते. इतक्यात समोर दोन ओले बूट येऊन थांबले आणि त्यातला एक नेमका माझ्या स्क्रूवर पडला.

"पाय उचला!"

"अं? कोण बोललं?"

"टेबल बोललं. उचला म्हटलं ना पाय!"

त्याने खरंच पाय उचलला, तसाच एका पायावर डुगडुगत खाली वाकला आणि म्हणाला, "टेबलाचे डोळे छान आहेत हं..."

मला राग आला. तसा राग माझ्या नाकावरच असतो, घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण एरवी माझा राग चहा होईपर्यंत उतरतो. हा उतरेचना.

तो लग्नांचे अल्बम बनवायचा. फोटो कुणीतरी काढायचं आणि पानांवर ते नीट मांडायचं काम याचं. आला होता नुसता माउस घ्यायला, पण घरचा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय म्हणाला. "कमीत कमी पैशांत नवा जोडून द्याल का?"

दिला. बेताचा प्रोसेसर, त्याच्या कामाला पुरेल इतकी रॅम, वापरलेला पण धडधाकट मॉनिटर, स्वस्तातलं कॅबिनेट. दुसऱ्या कुणाचा हात न लागता मी एकटीने जोडून विकलेला तो पहिला कॉम्प्युटर.

आणि सगळं त्याच्यावरच अडलं होतं. दुकान बाबांचं. दुरुस्तीच्या बाकावर मी बसायचं की माझ्या मावसभावाने, हे बाबा ठरवणार होते. या दादाला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते दर वेळी नव्याने शोधावं लागतं. पण गिऱ्हाईक दुकानात आलं की माझ्या डोक्यावरून आत बघत विचारतं, "कोणी माणूस आहे का?" मग दादा केसांवरून हात फिरवत पुढे येतो. बाबा म्हणाले होते, "तुझा पहिला कॉम्प्युटर विनातक्रार चालला, तर बाक तुझा. नाहीतर तू काउंटरवर, पेनड्राइव्ह विकायला."

आठवड्याभरात अल्बमवाला कॅबिनेट काखेत मारून हजर.

"अर्ध्या तासात बंद पडतो हो."

मी रॅम काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. दुकानात तो दिवसभर गुणी बाळासारखा चालला. घरी नेला आणि पुन्हा बंद! दुसऱ्या खेपेला मी पॉवर सप्लाय बदलला, प्रोसेसर तापू नये म्हणून लावतात ती पेस्ट नव्याने लावली. पुन्हा दिवसभर चालला. माझं डोकं फिरायची वेळ आली.

"खरं सांगा, कोपऱ्यात कोंबलाय का? वर काही झाकता का?"

त्याने एकदा दादाकडे पाहिलं. दादा दात काढत उभा होता.

"छे हो! मोकळ्या हवेत राजासारखा बसलाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कदाचित त्याला इथेच करमत असेल... मलाही करमतं."

"करमायला ही बाग नाहीये. निघा."

तो हसत निघाला. त्याच्या पाठीकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग स्वतःवरच चिडले.

तिसऱ्या वेळी त्याचा फोन आला. कॉम्प्युटर आता सुरूच होत नव्हता. फोन दादाने उचलला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काका, आपल्या इंजिनियरबाईंचा डबा पुन्हा मेला!"

बाबांनी चष्मा काढला. "संध्याकाळपर्यंत मला कारण हवं. नाहीतर उद्यापासून बाकावर दादा."

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि तडक त्याचं घर गाठलं. त्याची खरडपट्टी काढायची, हे वाटेतच ठरलं होतं. दार उघडलं, मी तोंड उघडलं, आणि त्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

एकच खोली. एका भिंतीला ओटा, समोरच्या भिंतीला टेबल, आणि मधे जमिनीवर एक वयस्क माणूस गाढ झोपलेला. त्यांच्या भुवयांत पीठ अडकलं होतं. टेबलाखाली रजईचा एक ढीग होता.

"हे काय आहे?" मी कुजबुजले.

"रजई."

"ते दिसतंय मला! आत कोण झोपलंय?"

"...कॉम्प्युटर."

मी भडकले. आणि ओरडता येईना! जन्मात कधी मी कुजबुजत भांडले नव्हते. घसा नुसता दुखायला लागला.

"बाबा रात्रभर बेकरीत भट्टीपुढे असतात," तो म्हणाला. "दिवसाच काय ती झोप. कॅबिनेटचा पंखा घरघरतो, मग ते दचकून उठतात..."

"मी विचारलं होतं तुला! तोंडावर विचारलं होतं, झाकता का म्हणून!"

"हळू—"

"हळूच बोलतेय! मूर्खा, त्याचा श्वास कोंडत होता. आणि तुला हे माहीत होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं. दुसऱ्यांदा... कळलं होतं."

"आणि तरी बोलला नाहीस?"

"काय बोलू? तुमचा तो भाऊ समोर उभा. त्याच्या देखत सांगू की आमचं घर म्हणजे ही एवढीच खोली? आणि तुमच्या देखत तर..." तो थांबला.

कुजबुजायचं म्हणजे जवळ यावं लागतं. आम्ही इतके जवळ आलो होतो की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास मला येत होता. मला त्याचाही राग आला.

"मोठा पंखा लावला की तो हळू फिरतो, आवाजच करत नाही. पाच मिनिटांचं काम! मला सांगितलं असतंस तर मी हसत लावून दिला असता. तुझी लाज राहिली, पण माझा बाक चालला!"

"कुठला बाक?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात त्याचे बाबा कूस बदलू लागले. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. ते पुन्हा घोरायला लागले तेव्हा मला दिसलं, त्याने माझं मनगट धरलेलं होतं. मी हिसका मारून सोडवलं... थोडं उशिरानेच.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कळलं कारण?"

"कळलं."

"काय?"

दादा कान टवकारून उभा होता. ती खोली, त्या पीठ अडकलेल्या भुवया... उद्या गल्लीभर त्याची टिंगल झाली असती.

"सांगणार नाही."

"मग माझा नाइलाज आहे," बाबा म्हणाले.

मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत कोंबायला लागले. रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच संताप होत होता.

इतक्यात तो आला. काखेत कॅबिनेट, खांद्यावर रजई. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तो सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, कॉम्प्युटर चांगलाच होता. मी त्याच्यावर ही रजई टाकत होतो. आमची एकच खोली आहे, वडील दिवसा झोपतात. यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. चूक सगळी माझी."

दादा फिस्सकन हसला. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो काउंटरमागे जाऊन पेनड्राइव्ह लावायला लागला. मग बाबा माझ्याकडे वळले. "पिशवी खाली ठेव. बाक तुझा."

तो मान खाली घालून दाराकडे निघाला होता. माझं दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळलं.

"थांब तिथे! खोटारड्या! मला तू आवडतोस, कळलं? आणि मला त्याचा भयंकर राग येतोय!"

एका गिऱ्हाइकाच्या हातातला कीबोर्ड हातातच राहिला. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

त्याचे कान लाल झाले होते. ओठ नुसते हलले. "मला पण..."

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "इथे कुणी झोपलेलं नाही. मोठ्याने बोल."

तो मोठ्याने बोलला.