आत्याची ओळ कोण झेलतंय?

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर सख्ख्या आत्याला मध्ये कशाला ओढलं असतं?

मी भाविका. धुळ्यात देवपूरला राहते. ही गोष्ट गेल्या वर्षीच्या आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वैशाखात दुपारी आमच्या गल्लीत येऊन बघावं. कुत्रंसुद्धा दिसत नाही.

वरच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय हो, भिंतींना गोधड्या, एक कॉम्प्युटर आणि मी. अहिराणी गाणी रेकॉर्ड करायची, यूट्यूबवर टाकायची. माझा नवरा हितेंद्र त्याला 'गोधडी केंद्र' म्हणतो. म्हणू दे.

माझी आत्या कुंदाबाई भडगावची. आखाजीला झोक्यावर म्हणायची गाणी तिला येतात तेवढी आमच्या आख्ख्या भावकीत कुणाला येत नाहीत. मला लहानपणी तिनेच शिकवली.

तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल, आखाजी झाली की लगेच नाशिकला या.

म्हणजे त्यानंतर आत्या कधीच बोलणार नव्हती. गाणं तर लांबच.

मला तिचा आवाज ठेवायचा होता. एवढंच डोक्यात होतं.

तेव्हा माझ्याकडे एकच साधा माइक होता, थेट कॉम्प्युटरला जोडायचा. नवीन सामान घेणं भाग होतं. हितेंद्रचा मित्र तौसिफ लग्नांत कीबोर्ड वाजवतो, त्याला यातलं सगळं कळतं. त्याला विचारलं.

"भाभी, इंटरफेस घ्या, माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी," तो म्हणाला. "दोनच माइक जोडता येतील, पण प्रत्येकाचा आवाज कॉम्प्युटरमध्ये वेगळा बसेल. नंतर एकाचा कमी करा, एकाचा काढून टाका. मिक्सरचं तसं नाही. सगळे आवाज एकत्र होऊनच आत जातात. खिचडी शिजल्यावर डाळ वेगळी काढता येते का?"

"पण तौसिफभाऊ, आत्या एकटी गात नाही ना."

ही आमची पद्धतच आहे. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. झेलायला कुणी नसेल तर आत्याच्या तोंडून ओळच निघत नाही. तिला बाया पाहिजेत आणि बायांना माइक पाहिजेत. चार माइकवाला इंटरफेस आमच्या ऐपतीबाहेर होता. तेवढ्यात धुळ्यातल्याच एका बँडवाल्याचा जुना मिक्सर मिळाला. चार माइकचा, चांगला दणकट.

मी मिक्सर घेतला. तौसिफ चार दिवस तोंड पाडून होता.

आखाजीला आत्या भडगावहून आली. सोबत तिची शेजारीण सुमनबाई. इकडून माझी जाऊ डिंपल. आत्याने ओळ उचलायची, या दोघींनी झेलायची. तीन बाया, तीन माइक.

चौथी जागा रिकामी. तिला वायरसुद्धा नव्हती.

कूलर बंद केला, आवाज येतो म्हणून. खिडक्या लावल्या. चौघी घामाने नुसत्या निथळत होतो.

मी हेडफोन घातला. "आत्या, काहीतरी बोला. आवाज बघते."

दुसरं कुणी असतं तर हॅलो हॅलो म्हणालं असतं.

आमच्याकडे आखाजीला सकाळी उंबरठ्याची पूजा करतात. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. जेवायला बोलावणंच ते. आत्या सकाळी तेच करून आली होती. जिभेवर तेच होतं.

ती माइकमध्ये तशाच सुरात म्हणाली, "आबा, या... नाना, या... अक्का, ये..."

मग थांबली.

"कल्पे... तू बी ये वं माय."

सुमनबाईचा चेहराच उतरला. "कुंदाबाई! तिनं नाव कसाले लिधं?" तिचं नाव कशाला घेतलं, असं विचारत होती.

कल्पना म्हणजे आत्याची आंडेर, एकुलती एक मुलगी. लग्न ठरलं होतं आणि तापाने गेली. मी तेव्हा पाळण्यात होते. लग्न न झालेल्या मुलीचं नाव आमच्या भावकीत उंबरठ्यावर घेत नाहीत. का, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं आत्याने घेतलं नव्हतं.

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि ओळ उचलली.

आणि मिक्सरवर...

चौथ्या जागेचा हिरवा लाइट लुकलुकला.

आवाज आत आला की तो लाइट लागतो. मला वाटलं, जुना मिक्सर आहे, काहीतरी ढिलं असेल. त्या जागेची आवाजाची पट्टी पूर्ण खाली ओढली.

लाइट चालूच.

आत्याची ओळ संपली. ती झेलायला सुमनबाई आणि डिंपल श्वास घेत होत्या...

त्यांच्या आधीच कुणीतरी झेलली.

कोवळा आवाज. मुलीचा. माझ्या कानाला अगदी लागून.

मी हेडफोन काढला. खोलीत तिघीच गात होत्या.

हेडफोन घातला...

चौघी!

चौथ्या जागेचं म्यूटचं बटण दाबलं. तो आवाज गेला.

त्याच क्षणी आत्या गाता गाता थांबली. तिच्या कानाला हेडफोन नव्हता. तिची तर माझ्याकडे पाठ होती.

मागे न बघता ती म्हणाली, "बंद नको करजो, भाविका. पोर गाई ऱ्हायनी ना."

मी बटण सोडलं. दुसरं काय करणार होते?

आत्याने त्या दुपारी तिला येत होती तेवढी सगळी गाणी म्हटली. बसलेल्या घशातून असा आवाज कसा निघाला, देव जाणे. गाणी संपल्यावर सुमनबाईने पाणीसुद्धा घेतलं नाही, तडक खाली जाऊन अंगणात बसली. डिंपल त्या दिवसापासून माझ्या स्टुडिओची पायरी चढलेली नाही.

ऑपरेशन झालं. आत्या वाचली. आवाज गेला.

आम्ही रेकॉर्डिंग लावलं. आत्याचा आवाज खणखणीत होता. आणि तिची प्रत्येक ओळ झेलणारी ती... तीसुद्धा.

तौसिफने ऐकलं. "भाभी, ही चौथी कोण?"

मी सांगितलं. त्याने दोन दिवस डोकं लावलं, तो आवाज काही वेगळा निघाला नाही. "मी म्हणालो होतो ना..." एवढंच म्हणाला.

मग आत्या एसटीने यायला लागली. दर गुरुवारी. गळ्याला पांढरा रुमाल. हेडफोन स्वतः घालायची, दुसरा मला घालायला लावायची आणि प्लेच्या बटणाकडे बोट दाखवायची. ऐकताना हसायची, पण हसण्याचा आवाज नाही.

दोनतीनदा लावल्यावर माझ्या लक्षात आलं.

आत्याचा आवाज बारीक होत होता...

आणि त्या चौथीचा मोठा.

पेनड्राइव्हवर बघितलं, मोबाइलवर बघितलं. सगळीकडे तेच. जेवढं लावावं तेवढी आत्या विरत चालली होती. सुमनबाई आणि डिंपलचे आवाज मात्र जसेच्या तसे.

मी हात जोडले. "आत्या, बस करा. तुमचा आवाज संपेल. मग आमच्याकडे तुमचं काय राहील?"

तिने माझा हात धरला आणि स्वतःच बटणावर ठेवला.

मी दाबलं. तिची एकुलती एक पोर गात होती, आईला नाही कसं म्हणू?

गेल्या गुरुवारी आत्याचा आवाज संपला. एक अक्षर उरलं नाही. ओळीच्या जागी नुसती शांतता, आणि मग झेलणाऱ्या तिघी.

दुसऱ्या गाण्यात सुमनबाई आणि डिंपल गात राहिल्या...

ती मात्र थांबली.

नुसता श्वास ऐकू येत होता. कुणी ओळ उचलेल म्हणून बाया थांबतात ना, तसा. ती वाट बघत होती.

आत्याने हेडफोन काढला. डोळे भरले होते. तिने मला दंडाला धरून माइकसमोर उभं केलं आणि ओठ हलवून शब्द दाखवायला लागली. लहानपणी शिकवायची तसेच, सावकाश.

मी म्हणाले, "आत्या, आज माझा घसा बसलाय."

खोटं बोलले. ती मान हलवून गेली.

उद्या गुरुवार आहे. हितेंद्र म्हणतो, दार उघडू नको, आता तुझ्या आवाजाचा नंबर आहे. त्याला काय जातंय म्हणायला? आत्या भडगावहून उन्हातान्हात येणार, आणि मी दार लावून बसू?

आज सकाळी मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात हितेंद्र स्वयंपाकघरात धावत आला आणि ओरडला, "भाविका, गप्प बस!"

मी तीच ओळ गुणगुणत होते. मला कळलंही नव्हतं.

ती ओळ मला येते हो. सगळी, बठ्ठी येते.