दोन सीटांच्या गाडीतली पाठराखीण

हे रात्री घडलेलं नाही.

भर उजेडात घडलंय. गेल्या वैशाखात, राहात्याहून मिरजगावला येताना. ज्याच्यासोबत घडलं तो चेतन माझा सख्खा चुलतभाऊ. त्यानं सांगितलं तसंच सांगतोय. मला घाई आहे... का, ते शेवटी कळेल.

टप लावलेला

चेतनचं मिरजगावात हायवेला गॅरेज आहे. ट्रॅक्टर-टेम्पो दुरुस्त करण्यात दिवस जायचा, पण जीव अडकलेला उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये. तशी गाडी त्याला पुणतांब्याच्या एका शेडमध्ये सापडली. जुनी, विलायती, डाळिंबी रंगाची. बोल्ट काढले की वरचा टप अख्खा उचलून बाजूला ठेवता यायचा. सीट दोनच. त्यांच्या मागे एक अरुंद फळी.

पिशवी मावेल एवढी. माणूस... नाही.

मालकीण गोजरबाई. म्हातारी, एकटी. गाव म्हणायचं, ती गाडी कुणालाच देत नाही. आलेल्याला पाणी पाजते आणि परत पाठवते.

त्या दिवशी गोदावरीकडून वारा सुटला होता. शेडचे पत्रे थडथड वाजत होते. चेतनची टोपी उडून पार गोठ्यापर्यंत गेली.

गोजरबाईचा पदर मात्र...

जागचा हलत नव्हता.

चेतनने ते बघितलं आणि विसरला. त्याचा सगळा जीव बॉनेटवर.

"लगीन झालंय का रं लेकरा?"

"ठरलंय, आजी. राहात्याची हाय पोरगी. वृषाली."

"नवरी यातनं आनशील?"

"मंग! टप काढून आननार. सगळं मिरजगाव बघंल."

म्हातारी बराच वेळ गाडीकडे बघत राहिली. गाडीकडे नाही... मागच्या फळीकडे.

"मी बी यातनंच आल्ते," ती म्हणाली. "ने मंग."

टप काढलेला

आमच्याकडे नवरी सासरी एकटी येत नाही. सोबत माहेरची एक बाई येते. पाठराखीण. नवरीचा पदर सावरायचा, तहान-भूक विचारायची, नव्या घरात तिच्याजवळ झोपायचं. मग सासरची माणसं तिची ओटी भरून तिला परत पाठवतात.

लग्न राहात्याला झालं. चेतनने टप स्वतः काढला आणि टेम्पोत घालून पुढे पाठवला. तेवढ्यात वृषालीची आत्या, झुंबरबाई, पिशवी घेऊन आली.

"मी कुठं बसू, जावईबापू?"

"आत्या, दोनच सीट हायत. तुमी मागनं जीपमधी या."

"अवो, नवरी एकली जात न्हाई."

"एकली कुठं? मी हाय की!"

"तुमचंच तर भ्या हाय!"

सगळा मांडव हसला. हसता हसता आत्या जीपमध्ये जाऊन बसली.

चूक झाली ती एवढीच.

राहुरीजवळ जीप पंक्चर झाली. "तुमी व्हा पुढं," फोनवर निरोप आला. नगर मागे पडलं. सोलापूर रस्ता लागला. ऊन कलत होतं. चेतनने गाडी पळवली. वारा कानात भणभणत होता. फेटा मांडीखाली दाबून ठेवावा लागला. गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या सुटून मागे उडत होत्या.

त्याने वृषालीकडे बघितलं.

पदर डोक्यावर शांत होता. केसांची एक बटसुद्धा हलत नव्हती. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवावं, तसं...

"नको, तहान नाही," वृषाली हळूच म्हणाली.

"कुणाशी बोलतेस?"

"पाणी विचारलंत ना?"

चेतनने काहीच विचारलं नव्हतं.

त्याने आरशात बघितलं.

मागे रस्ता. रिकामी फळी. आणि त्याच्या हारातल्या पाकळ्या... उडून जात नव्हत्या. फळीच्या वर, वीतभर अधांतरी, साचत होत्या.

कुणाच्या तरी मांडीवर पडाव्यात तशा.

दारात भामाकाकूने, म्हणजे चेतनच्या आईने, दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला. मग तिचा हात वृषालीच्या मागे गेला. तिथेही ओवाळून आला. का, ते काकूला आजही सांगता येत नाही.

दिवेलागणीला झुंबरआत्या पोचली. वृषाली उंबऱ्यात उभी राहिली.

"आत्या, तू परत जा. माझ्यासोबत आहे."

"कोण हाय गं?"

वृषाली नुसती हसली.

पुन्हा टप लावलेला

चेतनने दुसऱ्याच दिवशी बोल्ट आवळून टप बसवला. उपयोग काय... जी उतरायची ती उतरली होती.

आज वर्ष झालं. चेतन अजून बाहेरच्या खोलीत झोपतो. तो आत गेला की पलंगावर त्याची जागा कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी गरम असते. काकूने मोकळ्या जागेसमोर तांदूळ, नारळ, खण ठेवून ओटीही भरून बघितली.

शेवटी तो पुणतांब्याला गेला. तसाच वारा होता. गोजरबाई अंगणात उभी होती... आणि तिचा पदर फडफडत होता. ती त्याच्याकडे बघून लहान पोरीसारखी हसली.

"बघ लेकरा, उडतोय!"

"आजी, कोण हाय ती?"

"मला तरी कुठं दिसली?" तिचे डोळे भरून आले. "म्हातारा बाहेरच्या खोलीतच गेला रं माझा. जलमभर वटी भरली तिची. जात न्हाई. तिला दुसरी नवरी लागती."

टप काढून ठेवलाय

आता घाईचं कारण.

येत्या रविवारी माझं लग्न आहे. मोनिकाशी.

काल चेतनचा फोन आला. "पार्थ, मोनिकाला आपल्या गाडीतनं आन. मी टप काढून ठेवलाय."

"आणि पाठराखीण?" मी विचारलं.



"दोनच सीट हायत रं..." तो म्हणाला. रडत होता.

मी ताडकन नाही म्हणायला हवं होतं. पण परवाच त्यांच्याकडे जाऊन आलो होतो. गच्चीवर वावटळ घुसली होती. दोरीवरची धुणी सुटून शेजारच्या रानात जात होती. वृषालीवहिनी मधोमध उभ्या होत्या. किती वाळल्यात...

पदर डोक्यावर. शांत.

"भावजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, मागे कुणाला ऐकू जाऊ नये असं, "मोनिका कशी आहे हो?"

चेतनला मी अजून काहीच कळवलेलं नाही.