कमरेपर्यंत

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेनऊ, ही काचवाल्यांची वेळ. इस्पितळाच्या व्यायाम-हॉलमध्ये त्यांची चाकांची खुर्ची शिरली की फिजिओथेरपीच्या ताई घड्याळ लावून घेत, इतके ते वेळेचे पक्के. खुर्ची ढकलायला बायको. ती शाळेच्या ग्रंथालयात होती आणि या दोन दिवसांपुरती तिने दुपारची पाळी मागून घेतली होती.

काचवाले उंच इमारतींना काचा बसवायचे. परांचीवरून पडले, कणा मोडला, आतला मज्जारज्जू चिरडला आणि कमरेखालचं अंग परकं झालं. दोन वर्षांनी मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर नवा उपचार करून बघायचं ठरवलं. त्यांच्याच नाकातल्या अस्तरातून, वासाच्या नसांजवळून, चिमूटभर पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मज्जारज्जूच्या जखमेत सोडल्या. वासाच्या नसा जन्मभर नव्याने उगवतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या या पेशी पाठीतल्या नसांनाही वाट दाखवतील, एवढीच आशा होती.

“माझं नाक आता पाठीत आहे,” काचवाले दिसेल त्याला सांगत. “माझ्या पाठीमागे काय शिजतंय, ते आता बरोबर कळणार मला.”

ताई हसत, पण आशेवर बोलत नसत. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांचा विश्वास उरला होता तो तक्त्यावर. दर वेळी काचवाल्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायचा, पायांवर वीस ठिकाणी कापूस किंवा टाचणी टेकवायची, आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेवायचं. तीन महिने वीसच्या वीस रकाने ‘नाही’ने भरले.

चौथ्या महिन्यात ताई कापूस घेऊन वाकल्या आणि काचवाले म्हणाले, “डावा अंगठा.”

कापूस अजून वीतभर वर होता. ताईंनी तो टेकवला. डाव्याच अंगठ्यावर.

आपला हात आधीच लागला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. त्या दिवशी सात जागा बरोबर आल्या आणि सातही वेळा उत्तर आधी आलं. बायकोने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. ताईंनी तक्त्यात ‘सुधारणा’ लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खोडून टाकलं.

नंतर उत्तरं चुकायला लागली. ताईंनी जागांच्या चिठ्ठ्या केल्या आणि वाटीत ढवळून एकेक काढू लागल्या, म्हणजे कुठे टेकवायचं ते त्यांनाही आधी माहीत नसे. त्या शुक्रवारी वीसपैकी एक जागा जुळली. काचवाले हिरमुसले. पण मंगळवारी नवा तक्ता भरताना ताईंचा हात थांबला. आज निघालेल्या चिठ्ठ्या आणि शुक्रवारची उत्तरं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही याद्या सारख्याच होत्या. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत.

ताई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

“योगायोग,” डॉक्टर म्हणाले. “नव्या नसांचा गोंधळ असतो सुरुवातीला. मेंदू काहीही जोडतो. तुम्ही नका हो इतकं डोक्यात घेऊ.”

पुढच्या आठवड्यात काचवाले एकाएकी ओरडले, “भाजलं! उजवा घोटा!” घोट्याला काही झालं नव्हतं. कातडी थंड होती, डाग नव्हता. भाजल्याचं कळलं म्हणून ते उलट खूशच झाले. बारा दिवसांनी घरी शेकायची पिशवी फुटली आणि उजव्या घोट्यावर बोराएवढा फोड आला. त्याचं मात्र त्यांना काहीच कळलं नाही. ताई फोडाला मलम लावत होत्या तेव्हा ते बायकोला कसलातरी किस्सा सांगत होते.

कळणं आणि घडणं यांतलं अंतर ताईंनी मोजलं. आधी क्षणभर, मग चार दिवस, आता बारा. अंतर वाढत चाललं होतं.

एका शुक्रवारी काचवाले गादीवर उताणे होते. पाय उशीवर, तळवे अधांतरी.  ते अचानक कुजबुजले, “ताई, फरशी.”

“कुठे?”

“पायांखाली. गार आहे. माझं वजन येतंय त्याच्यावर... एक पाय उचलला. टेकला. आता दुसरा. ताई, मी चालतोय!”

बायको हुंदके देत खाली बसली. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बारा दिवसांत हा माणूस चालणं शक्य नव्हतं. म्हणजे अंतर आता किती असेल? त्यांनी तक्ते काढून दोघांना सगळं सांगितलं; काचवाल्यांनी त्यातून आपण चालणार एवढंच घेतलं.

त्यानंतर प्रत्येक वेळी तो प्रवास थोडा पुढे सरकला. फरशी संपून पायऱ्या आल्या, सात. मग गवत. मग गोटे.

“आता ओलं लागतंय,” काचवाले एका मंगळवारी म्हणाले. “पाणी. घोट्याएवढं.”

ताईंना हायसं वाटलं. इस्पितळात पाण्यातल्या व्यायामाची टाकी होती. पाय सावरले की रुग्णांना तिथेच उतरवत.

“खाली टाइल्स आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“छे. चिखल आहे. बोटांच्या फटींतून वर येतोय.”

बायकोने चमकून बघितलं. “पण ह्यांना पोहता येत नाही हो. हे गुडघाभर पाण्यातही उतरत नाहीत.”

“आता गुडघ्यांच्या वर आलंय,” काचवाले म्हणाले. “मांड्या. आता कंबर.”

“मग?”

“मग नाही कळत. वरचं अंग इथलंच आहे ना माझं, आजचं.”

“थांबा की तिथे!” बायको म्हणाली. “मागे फिरा!”

“अगं, मी कुठे काय करतोय? पायच चाललेत.” आणि टॉवेलखाली ते हसले. “पण चालतायत! आता व्यायाम दुप्पट करू या, ताई.”

ताईंनी दुप्पट केला नाही. उलट जरा हात आखडता घेतला. पायांना वजन बांधायचं टाळलं, उभं करायचं पुढे ढकललं. दोन आठवड्यांनी बायकोने त्यांना दाराशी गाठलं.

“ताई, तुम्ही ह्यांच्याकडून कमी करून घेताय.”

ताईंनी हातातला तक्ता मिटला.

“मला कळतंय का ते,” ती म्हणाली. “मीसुद्धा रोज तोच विचार करते. पण हे रोज सकाळी उठून आधी पायांकडे बघतात. त्यांना काय सांगू मी? चालू नका?”

पुढच्या वेळी ताईंनी पायांना वजन बांधलं. व्यायाम पूर्ववत सुरू झाला.

नवव्या महिन्यात काचवाले दोन दांड्यांच्या मधे उभे राहिले. ताई समोर, उलट्या पावलांनी मागे सरकत. डावा पाय. उजवा. पुन्हा डावा. सहा पावलं. हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काचवाले घामाने निथळत होते आणि रडत होते.

“सहा,” ते म्हणत राहिले. “सहा!”

पुढच्या शुक्रवारी बायकोने त्यांचे मोजे काढले आणि ती तशीच वाकून राहिली.

“ताई, हे काय झालंय?”

दोन्ही तळवे पांढरेफटक, फुगलेले. टाचांपासून बोटांपर्यंत खोल सुरकुत्या. मोजे कोरडे होते.

मोठे डॉक्टर धावतच आले. तळवे बघून त्यांचा चेहरा उजळला.

“वा! टाकीत उतरवलंत वाटतं?”

“नाही,” ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते ऐकलंच नाही. “पाण्याने अशा सुरकुत्या कधी पडतात, ठाऊक आहे? नस जिवंत असेल तरच. मेलेल्या नसेच्या कातडीवर पडत नाहीत. काचवाले, तुम्ही जिंकलात!” ते मोबाइलमध्ये फोटो काढू लागले.

बायको एकेका बोटावरून हात फिरवत होती.

“डॉक्टर,” तिने विचारलं, “इतक्या पडायला किती वेळ पाण्यात राहावं लागतं?”

“इतक्या?” मोबाइलवरून नजर न काढता डॉक्टर म्हणाले. “दोन दिवस तरी.”

काचवाल्यांनी अंगठा हलवून दाखवला.